कोल्हापूर पाऊण तासावर

आई, आज सोलापूरला गेले होते. होटगी रस्त्यावर विमानतळाच्या कुंपणापाशी रिक्षा थांबवली. आपली खोली पाडली आहे, तिथे आता नुसती बाभळ.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. अण्णा धावपट्टीचे राखणदार. महिनोन्‌महिने विमान यायचं नाही, मग काम काय, तर पट्टीवरची गुरं हाकलायची. ती काठी घरीही चालायची. भाजी खारट झाली म्हणून, शेजारणीशी बोललीस म्हणून, काहीच झालं नाही म्हणूनही. "जा की माहेरी," मारता मारता ते म्हणायचे, "कोल्हापूर काय हितं हाय? जगाच्या टोकाला हाय. जाशील कुटं?" आणि तुला ते खरं वाटायचं. लग्नानंतर तू एकदाही गेली नव्हतीस.

त्या दिवशी कोल्हापूरहून एक छोटं विमान उतरलं. अण्णांनी चहा मागवला. तू किटली घेऊन पुढे, मी कपबशा घेऊन मागे. तुझा डावा डोळा सुजून मिटलेला. वैमानिकानं पाहिलं आणि नजर वळवली. तू एकदम विचारलंस, "सायेब, कोल्हापूर किती लांब हाय हो?"

"लांब कसलं, बाई? पाऊण तास. हा चहा पोटात जिरायच्या आत पोचतो."

तू हसलीस. मोठ्यानं हसलीस.

विमान उडालं आणि अण्णांनी आत येऊन कडी घातली. "परक्या बाप्यापुढं दात काढतीस व्हय?" काठी तुझ्या डाव्या मनगटावर बसते आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू येतो, वाळका कडबा मोडावा तसा. तू ओरडत नाहीस. मी त्यांच्या पोटरीला कडकडून चावते. ते माझी वेणी धरून मला भिंतीवर आपटतात. तोंडात रक्त. मग तू उजव्या हातानं वरवंटा उचलतेस आणि त्यांच्या गुडघ्यावर घालतेस. ते खाली बसल्यावर पुन्हा, त्याच जागी. "पोरीला हात लावतोस?" त्यांना अरेतुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तू हाताला पदर गुंडाळलास आणि आपण एसटी गाठली. मंगळवेढ्याला गाडी थांबली तेव्हा तुला ताप भरला होता. कंडक्टर म्हणाला, "कोल्हापूर लई लांब हाय, बाई. हितंच दवाखान्यात उतरा."

"लांब न्हाय," तू म्हणालीस. "पाऊण तासाचं हाय."

मामानं दार उघडलं तेव्हा तू उंबऱ्यातच कोसळलीस. मनगट वाकडंच सांधलं गेलं. त्याच हातानं तू खानावळ चालवलीस, मला शिकवलंस. अण्णा एकदा कोयता घेऊन आले होते. मामा घरी नव्हता. तू दारात उभी राहिलीस, म्हणालीस, "चालव." त्यांनी चौकटीवर घाव घातला आणि गेले. परत आले नाहीत.

तुझ्यानंतर चार वर्षांनी ते वारले. निरोप आला तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले, आई. तुझ्या वेळी रडले होते त्याहून जास्त. का, ते मला अजून कळलेलं नाही. तू असतीस तर हे तुला सांगायची माझी छाती झाली नसती.