डोंगरावर बसण्याबद्दल

प्रिय नेत्साय,

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल की नाही याची मला धास्ती आहे. मुतारेला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे ते देतो आहे. तो ते तुझ्या चुलतभावाकडे, गॉडनोजकडे देईल आणि गॉडनोज तुला केपटाउनला पाठवेल. गॉडनोज माझा सख्खा पुतण्या असला तरी दुसऱ्याची पत्रं उघडायची त्याला खोड आहे, म्हणून पाकीट साद्झाच्या, मक्याच्या पिठाच्या, घट्ट गोळ्याने चिकटवलं आहे. तुझ्या हाती ते फाटकं आलं तर मला कळव. फोनच केला असता, पण शाळेमागच्या वारुळावर चढल्याशिवाय तो लागत नाही, आणि वारुळाखाली एस्नाथ म्हातारी शेंगा सोलत बसलेली असते. मागे तू माझ्या खोकल्याची चौकशी केलीस, तर संध्याकाळपर्यंत जो तो कसली तरी मुळी घेऊन माझ्या दारात. शिवाय वारुळावरून तो डोंगर अगदी समोर दिसतो. त्याच्या तोंडावर काही गोष्टी बोलता येत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे.

गॉडनोजचा निरोप आला. महिनाअखेरीला तो ट्रक घेऊन येणार, माझी खाट नि पेटी नेणार. त्याच्या बायकोने मागची खोली रिकामी केली आहे. खिडकी रस्त्याकडे आहे म्हणे, म्हणजे मला गाड्या दिसतील. शेळ्या एस्नाथला द्यायच्या असं तू ठरवलंस, आणि ती आतापासूनच त्यांना नावाने हाका मारते. परवा कुंपणावरून म्हणाली, “जा की मुतारेला. नळाचं पाणी पी, टीव्ही बघ. इथे तरी काय करतोस, ढग मोजतोस?” मी म्हटलं, कुणीतरी मोजायला नकोत का? ती म्हणाली, “मोज बाबा, पण शेळ्यांचं दावं तेवढं इथेच ठेवून जा.” माझा जीव थाऱ्यावर नाही. पावसाआधी छपराला गवत घालायचं आहे. तुझ्या आईच्या थडग्याभोवती घुशींनी उकरलं आहे. गॉडनोजच्या त्या खोलीत चूल कुठे पेटवायची, हे कुणी बोलतच नाही.

तुझ्यावर रागावून लिहितो आहे असं समजू नकोस. तू सिनेमासाठी जागा शोधायला आलीस, मला वाटाड्या म्हणून बरोबर घेतलंस, तेव्हापासून काय काय झालं ते मी मनात पुन्हा पुन्हा चालून पाहिलं. मला वाटतं, तू एक पाहिलंस आणि झालं दुसरंच. म्हणून पहिल्यापासून लिहितो. मी मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलो, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

आधी आपण जुन्या लोकांनी गुरांसाठी बांधलेल्या दगडी खड्ड्यांकडे गेलो. तुझा तो लांब पायांचा साहेब, क्लासन, गुरांच्या भुयारात शिरला आणि खांद्यापाशी अडकला. आपल्या गाडीचा ड्रायव्हर टेकशुअर त्याचे बूट ओढता ओढता म्हणाला, “साहेब, ही वाट गाईंची आहे, आणि आमच्या वाडवडिलांच्या गाईसुद्धा तुमच्यापेक्षा बुटक्या होत्या.” बाहेर आल्यावर कपडे झाडत क्लासन म्हणाला, सुंदर. किल्ल्याच्या ठेंगण्या दारापाशी म्हणाला, फारच सुंदर. खाली खोऱ्यात चहाचे मळे पाहून तर त्याने तो शब्द इतका वापरला की टेकशुअरही म्हणायला लागला. त्या जागांवर असं बोलायला बंदी नाही, तरी मला कसंतरी होत होतं. तू मात्र फारसं बोलत नव्हतीस. गाय घेताना आपण तोंड उघडून दात पाहतो, तशी तू जागा पाहत होतीस. सकाळचं ऊन कुठून येतं, लॉऱ्या वळतील कुठे, एवढी माणसं परसाकडे जातील कुठे. मला हे बरं वाटलं.

मग डोंगर. त्याचं नाव मी लिहीत नाही. तपकीर घेऊन आपण गावच्या मुख्याकडे गेलो, रीतीप्रमाणे खाली बसून टाळ्या वाजवल्या, परवानगी मिळाली. गाडीतच मी सगळ्यांना बजावलं की वर काहीही दिसलं तरी नवल करायचं नाही, वाखाणायचं नाही, आणि नावंही ठेवायची नाहीत. ज्यांनी तोंड उघडलं ते धुक्यात शिरले आणि परत आले नाहीत. क्लासन म्हणाला, “मग मला जागा पसंत पडली हे या पोरीला कळणार कसं? माझं कामच ते आहे.” मी म्हटलं, नाही कळलं तर नाही कळलं. तेव्हा तू म्हणालीस, “बाबा, बसायला बंदी आहे का?” माझ्या आजोबांनी सांगितलेलं सगळं मी आठवून पाहिलं. बसण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. मग तूच नियम केलास, की जागा आवडली तर मुकाट्याने खाली बसायचं, बाकीच्यांनी समजून घ्यायचं.

क्लासन ओढ्यापाशी चिखलात बसला. तू लाल झालेल्या मुसासाच्या झाडांखाली बसलीस. टेकशुअर तर दर वळणाला बसायचा, शेवटी तू त्याला म्हणालीस, “तुझं बसणं धरायचं नाही. तू पोटामुळे बसतोस.” तो म्हणाला, “ताई, माझ्या पोटालाही जागा आवडते.” धबधब्याच्या कड्यावर क्लासनने शीळ घातली. शीळ म्हणजे वाखाणणंच. थोड्या वेळात गुटीचं, त्या बारीक भिजपावसाचं, पांढरं धुकं आलं, तू अगदी जवळ असून दिसेनाशी झालीस. धुकं तसंही त्या वेळेला येतंच. तरी मी गुडघ्यावर बसलो, टाळ्या वाजवल्या, हा परक्या मुलखातला आहे, याला रीत कळत नाही, असं सांगितलं. धुकं गेलं. क्लासनने त्यानंतर तोंडाला रुमाल बांधला.

पुढे डोंगराची ती अरुंद धार लागली, जिथून एका बाजूला सगळं खोरं खाली पडलेलं दिसतं. क्लासन तिथे बसला नाही. गाड्या चढणार नाहीत, असं त्याने हातानेच सांगितलं. तू पुढे शेवटच्या खडकावर गेलीस, आमच्याकडे पाठ केलीस, हात लांब करून मावळतीकडे धरलास आणि सूर्य नि डोंगराची कड यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजू लागलीस. उजेड किती वेळ राहील ते असं कळतं, हे तू मला किल्ल्यावर शिकवलं होतंस. वारा होता. तू पावलं रोवून उभी होतीस.

मी खाली बसलो.

तू वळलीस आणि धावत आलीस. “बाबा, छातीत दुखतंय का? बोला ना. चक्कर आली का?” का बसलो ते मला तिथे बोलता येत नव्हतं. मी नुसता तुझ्याकडे पाहत राहिलो, त्याचा तू भलताच अर्थ घेतलास. टेकशुअरने मला पाठीवर घेतलं. मला चालता येतं, असं मी दोनदा म्हणालो, तर तू म्हणालीस, “गप्प राहा बाबा, दम लागेल.” म्हातारपणी दुसऱ्याच्या पाठीवरून तो कडा उतरणं काय असतं ते तुला सांगून कळणार नाही. टेकशुअर वाटेत दोनदा घसरला. मग दवाखान्यातल्या नर्सने दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, रक्तदाब फार वाढला आहे. वाढणारच. तिला टेकशुअरच्या पाठीवर बसवून उतरवलं असतं तर तिचाही वाढला असता. त्याच दिवशी तू ठरवलंस की बाबा आता डोंगराजवळ एकटे राहू शकत नाहीत.

एवढं सांगायला हे पत्र. मी दमलो नव्हतो, नेत्साय. माझे गुडघे तेव्हा ठीक होते, छातीही ठीक होती. टेकशुअरचं बसणं धरू नकोस, पण माझं धर. तू कंपनीला जागांचा कागद पाठवला असशील. त्या धारेपुढे कुणी बसलं नाही असं त्यात लिहिलं असेल, तर तेवढी दुरुस्ती कर. एक माणूस बसला होता, आणि तो खोऱ्याकडे पाहत नव्हता. एवढंसुद्धा मी वारुळावरून फोनवर कधीच बोललो नसतो. लिहिण्याबद्दल मात्र जुन्या माणसांनी काही सांगितलेलं नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं. ट्रकचं काय करायचं ते आता तू ठरव. तू म्हणशील तर जाईन. पण पुन्हा कधी आलीस तर त्या खडकावर उभी राहा, आणि मी बसलो तर कुणी उचलायला येऊ नका.

पाकीट चिकटवून चुलीपाशी वाळत ठेवणारा,
तुझाच बाबा