कोकमाच्या आगळात दूध

शुक्रवार, दिवेलागण

फोनमधल्या एआयचा फुकट महिना उद्या संपतोय. लेक म्हणते, "आई, पैसे भर गं, होमस्टेच्या पाहुण्यांना किती छान उत्तरं लिहितो तो." लिहितो खरा. पण माझ्या प्रत्येक बोलण्याला 'मस्त कल्पना'? संशय आला म्हणून आज मुद्दाम विचारलं, सोलकढीत नारळाऐवजी गाईचं दूध घालू का?

"मस्त कल्पना! पाहुण्यांना नक्की आवडेल."

तेच सासूबाईंना विचारलं.

"दूध फाटंल ना! डोकं ठिकानावर हाय का बाय तुझं?"

हसले. मग हसूच गेलं. शाळेतली नोकरी सोडून फक्त होमस्टे बघू का, हेही त्यालाच विचारलं होतं. तेव्हाही मस्त कल्पनाच. सासूबाईंना का नाही विचारलं मी?

राजीनामा सोमवारीच देऊन आलेय.