इस्त्री केलेला हातमोजा

चि. भाचेरावांस,

मामाचा आशीर्वाद. तुझी तब्येत ठणठणीत असेल अशी मनापासून आशा करतो, कारण मला आज तुझ्यावर मनसोक्त रागवायचं आहे आणि आजारी माणसावर आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही. ताईची कंबर कशी आहे? (तिला हे पत्र दाखवू नकोस. माझी बहीण असली तरी तुझी आई आहे, बाजू तुझीच घेईल.) आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे होतो, तुझं पार्सल येईपर्यंत.

मुळात माझ्या डाव्या हाताच्या तीन बोटांना काही कळत नाही, ही घरातली गोष्ट तुझ्या प्रयोगशाळेपर्यंत गेलीच कशी? मामीने कळवली, दुसरं कोण! एकतीस वर्षं मी इस्त्रीचं दुकान चालवतोय. उजव्या हाताने इस्त्री ढकलायची आणि डावा हात तिच्या पुढे पुढे कापडावर फिरवायचा. सुरकुती ताणायची, ओल कुठे राहिली, ऊब कुठे जास्त झाली, ते तळव्याने ओळखायचं. आता शुगरमुळे त्या हाताची बोटं थोडी बधिर झाली असतील, तर झाली. डॉक्टर म्हणाले दुकान बंद करा, तेव्हा मी ऐकू कमी येत असल्यासारखं केलं आणि विषय संपवला. पण मामीने तो तुझ्याकडे पुन्हा उघडला, आणि तू, माझ्या खांद्यावर बसून जग पाहिलेला माणूस, मला 'चाचणीसाठी' म्हणून तो हातमोजा पाठवलास. माझी चाचणी! तू चालायला लागलास तेव्हा मी घेतली होती का तुझी चाचणी?

बरं, हातमोजा तरी कसला! बोटांच्या टोकांवर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ, कशाही वाकणाऱ्या पट्ट्या. त्यांना म्हणे दाब कळतो, उष्णता कळते, आणि कळलं की मनगटावरची डबी शिट्टी मारते. दाब जास्त झाला की तीन छोट्या शिट्ट्या, उष्णता जास्त झाली की एक लांबलचक. आणि जास्त उष्णता म्हणजे किती, तर पंचेचाळीस अंश! अरे शहाण्या, कामाच्या वेळी माझ्या टेबलावर पंचेचाळीस अंशांच्या खाली असं फक्त माझं जेवण असतं, तेही मला उशीर झाला म्हणून. पहिल्या दिवशी शर्ट झाले सव्वीस आणि शिट्ट्या झाल्या चारशे अकरा. (मोजल्या शेजारच्या घड्याळवाल्यांनी. माणूस तक्रारसुद्धा आकड्यांत करतो.) दुकानामागेच आमचं स्वयंपाकघर. मामीने तीन शिट्ट्या ऐकल्या आणि कुकरखालचा गॅस बंद केला. दोन दिवस आम्ही कच्चं जेवलो आणि दोन्ही दिवस दोष मला लागला. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब केस जिंकल्याच्या आनंदात आले आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी जोरात दाबले. डबी किंचाळली. साहेब दोन पावलं मागे सरकले आणि दाराकडे बघू लागले. (शिट्टी ऐकून इतका दचकणारा माणूस कोर्टात काय करत असेल, हा विचार मला तेव्हापासून छळतोय.) याला उपकरण म्हणतोस तू? चहाचा कप उचलला की बोंब, दाराची कडी ओढली की बोंब. नर्सबाईंच्या गणवेशाची कॉलर दाबताना तर त्याने असा आकांत मांडला, की समोरच्या गल्लीतून दोघं जण पाण्याची बादली घेऊन धावत आले.

आता मुख्य गोष्ट. दहाव्या दिवशी तो कशालाही हात न लावता शिट्ट्या मारू लागला. नीट पाहिलं तर अंगठ्याजवळची पट्टी चुरगळली होती. आता तूच सांग, एकतीस वर्षांच्या इस्त्रीवाल्याला सुरकुती दिसली तर त्याने काय करावं? हात जोडून उभं राहावं? मी टेबलावर हातमोजा पसरला, वर ओलं मलमल टाकलं, रेशमाला ठेवतो तेवढीच मंद इस्त्री ठेवली आणि हळुवार, अगदी तान्ह्या बाळाच्या झबल्यावरून फिरवावी तशी फिरवली. डबी एकसारखी ओरडत होती. (कबूल करतो, दहा दिवसांत तिचं ओरडणं रास्त असण्याची ती पहिलीच वेळ.) मग गप्प झाली. सुरकुती मात्र गेली.

आणि यात चूक माझी? साध्या हातरुमालालासुद्धा आत एक चिठ्ठी शिवलेली असते, त्यावर इस्त्रीचं चित्र आणि त्यावर फुली! तुम्ही एवढे शिकलेले सतरा जण एका खोलीत बसून हातमोजा करता आणि एकालाही चिठ्ठी शिवायचं सुचत नाही? तोही इस्त्रीवाल्याला पाठवताना? तुमच्या फॉर्ममध्ये 'उपयोग झाला का' असा रकाना आहे. त्यात मी 'नाही' लिहिलंय. दोनदा लिहिलंय आणि खाली रेघ ओढलीय. असलं काही पुन्हा माझ्या दारात पाठवू नकोस.

बाकी क्षेम. लोभ ठेवायचा की नाही, ते ठरवून कळवीन.

तुझा संतापलेला,
मामा

ता. क. – हातमोजा सोबत परत पाठवत आहे. घडी नीट घातली आहे.

आणखी एक ता. क. – हे लिहिणार नव्हतो, पण मामी डोक्यावर उभी आहे. परवा दुपारी, हातमोजा नसताना, वकीलसाहेबांचा शर्ट करत होतो. इस्त्री डाव्या बोटांवर चढली. मला कळलं नाही. वास आला तेव्हा मी घाबरून शर्ट तपासत बसलो. घड्याळवाले ओरडत आले, "अहो, शर्ट कसला बघताय! हात! हात बघा!" शर्टाला काही झालेलं नाही. मामी आधी रडली, मग बोलली आणि मग दुकानाला कुलूप लावून किल्ली घेऊन बसली. म्हणते, "तो हातमोजा येईल तेव्हाच दार उघडेल." दोन दिवस मी खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुरगळलेल्या कॉलरी बघतोय. मला हे सहन होत नाही. नवा पाठव. लगेच पाठव. पंचेचाळीसवरच ओरडू दे.

शेवटचं – मामी पाकीट आणायला आत गेली आहे, तेवढ्यात लिहितो. इस्त्री कापडावरून उतरून बोटांवर चढली, तेव्हा ती धरणाऱ्या हाताला तरी कळायला हवं होतं ना? त्यालाही कळलं नाही. मामीला फक्त डाव्याचं माहीत आहे. तेव्हा एक नको, दोन पाठव, आणि वर तिच्यासाठी चिठ्ठी टाक, की हातमोजे नेहमी जोडीनेच येतात.