शोभावरचा आळ

६ नोव्हें. ९८, शुक्र. शारजा.
दत्तू उम्म अल कुवैनच्या कामगार कॅम्पवरून जेवायला आला. अर्ध्यात उठून बेसिनवर खोकला. नळ मोठा सोडला, तरी लाल राहिलंच. म्हणे, हिरडी दुखावली. त्याची बायको शोभा मे महिन्यात गावी अशीच वाळून गेली. धाकटा भाऊ मला खुळा समजतो.

८ नोव्हें.
आईला फोन. "शोभा ओढतेय रे त्याला. हडळ झालीय."
मी : बाळंतपणात जाते ती हडळ. सवाष्ण गेली तर जखीण.
"बरं, जखीण. पण ओढतेय ना?"
तपशिलात मी जिंकलो! उंबऱ्यात खिळे ठोकून झालेत. वाटेवर नाचणी पेरलीय, तिने मोजत बसावं म्हणून.

पुस्तकात वाचलंय, शे-दीडशे वर्षांमागे अमेरिकेत गोऱ्यांकडेही हेच चाले. क्षयाने एक गेला की घरातले मागोमाग वाळत, ओठांवर रक्त. लोक म्हणत, मेलेला येऊन पितो. प्रेत उकरायचं, तोंडात पातळ रक्त दिसलं की पुरावा. (कुजताना ते येतंच.) मग काळीज जाळून राख आजाऱ्याला पाजायची. त्यांना निदान जंतू ठाऊक नव्हता. आम्हाला ठाऊक, औषधही आहे, तरी नाचणी.

१३ नोव्हें., शुक्र.
कॅम्पवर गेलो. आठ जणांची खोली, एसीसाठी खिडक्या बंद. दत्तूला बाहेर नेऊन सगळं समजावलं.
"अण्णा, सुट्टीत आलो तेव्हा शोभाला तालुक्याला मीच नेलं होतं. डॉक्टरने क्षयच सांगितला."
"मग हे खिळे?"
"ती स्वप्नात येते असं मीच आईला सांगितलं. गावात क्षय म्हटलं की इथे कॅम्पवर कळतं. मग एक्स-रे, आणि खलास, परतीच्या विमानात. जखीण एक्स-रेत दिसत नाही." हसला. मग खोकला.
जिने याची भाकरी थापली तिच्यावर...

१८ नोव्हें.
गावी दत्तूची मुलगी मनी खोकतेय. आई म्हणते, आता पोरीला धरलं. डॉक्टरकडे ने म्हटलं तर, "तू पुस्तकातलं बोलतोस. दत्तूने सांगू दे."

२० नोव्हें., शुक्र.
त्याला घरी आणलं, मनीचं सांगितलं. फोन मीच लावून दिला.
"आई, शोभाने काही केलं नाही. ते मी खोटं..." पुढे खोकलाच. थांबेना.
आई तिकडून किंचाळली, मला इथवर ऐकू आलं : "बघ, गळा धरला तिने! बोलू देत नाही!"
रिसीव्हर घेतला तोवर लाइन तुटली. पुन्हा लावतोय.