जावईबापूंची शनिवारची मीटिंग

जावईबापू,

मी चर्चला चाललेय. कॉफी थर्मासमध्ये आहे, उकडून कुस्करलेल्या केळ्यांचा मांगू झाकून ठेवलाय. माझी लेक योकास्ता उठायच्या आत हे वाचा आणि फाडून टाका.

काल ती भाच्याच्या बाप्तिस्म्याला एकटीच गेली, कारण शनिवार असूनही तुमची मीटिंग होती. तुम्ही खोलीचं दार लावून बसलात, म्हणून मी बिचारी मालिकेचा आवाजसुद्धा बंद करून बसले. तर मालिका गेली आणि टीव्हीवर तुमचा डॉमिनोचा डाव आला! शेजारच्या कुकीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "डोन्या एनेइदा, ऑफिसात मोठ्या पडद्यावर दाखवायला लावलेली सेटिंग त्यांनी घरी येऊन बदलली नाही. मग लॅपटॉप घरच्या वायफायवर आला की सरळ टीव्हीला जाऊन चिकटतो." म्हटलं, चिकटू दे. खुर्च्या ओढून आम्ही दोघींनी अख्खी मीटिंग पाहिली.

खोटं बोललात, ते एक वेळ चालेल. पण डबल सहाची सगळ्यात जड सोंगटी आधी टाकायची सोडून शेवटपर्यंत पोटाशी धरून खुडूक कोंबडीसारखं बसायचं? आमच्या घराण्यात असा डाव कुणी हरलेलं नाही. कुकीने तर कपाळाला हात लावला.

योकास्ताला मी काही बोललेले नाही. अजून तरी. आज संध्याकाळी तिला बाहेर जेवायला न्या, आणि नाचायलाही. लॅपटॉप मात्र इथेच चालू ठेवून जा. सेटिंगला हात लावू नका.

मीटिंगला तुमच्या जागी मी बसते.

— एनेइदा