सहा फुटांची पोर मेंढ्यांत लपत नाही

धाकटे ग्लेनबाह,

थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझा, देझबाहचा तुला आशीर्वाद. ओकलंडला तू सुखात असशील, खोकला गेला असेल, आणि शेजारणीचा तो कुत्रा अजून भुंकत असेल तर त्याचा घसा बसो. इकडे सगळं ठीक. माझी तब्येत उत्तम. गुडघा तर असा झालाय की कोकरंसुद्धा मागे पडतात. (इथे लिहिणारीने खाकरून दाखवलं. खाकरू दे. पेन तिचं असलं तरी पत्र माझं आहे.)

लिहिणारी म्हणजे आपली शांडीन. पोरीची पोर, पण वाढवली मी. तिची आई फिनिक्सला रुग्णालयात राबते, सुट्टी मिळाली की येते. मला अक्षर येत नाही म्हणून ही माझ्या नावावर काय वाटेल ते लिहील, तेव्हा प्रत्येक पान मी तिच्याकडून दोनदा वाचून घेते. दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं तर पुढे जायचं.

तर मुद्दा असा की पोर मोठी झाली. मोठी म्हणजे किती, ते सांगते. आपल्या मातीच्या गोल घराच्या, होगानच्या दारातून आत येताना आता ती वाकते, आणि मी आपली समजायचे की शाळेत नम्रता शिकवतात. कोंडवाड्याजवळच्या खांबाला तिच्या मामाने कधीकाळी बास्केटबॉलचं कडं ठोकून दिलं होतं, त्यात चेंडू टाकत टाकत ही वाढली. खाली सगळी वाळू, चेंडू उसळत नाही, त्यामुळे हिला चेंडू आपटत मिरवायची सवयच लागली नाही. हातात आला की टाकायचा नाहीतर द्यायचा. आता म्हणे हाच हिचा मोठा गुण. मी वाळू काढून टाकली नाही, एवढं माझं प्रशिक्षण.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मॅचचं चित्रण कुणीतरी फोनवर चढवलं आणि लांबलांबच्या कॉलेजांना खबर लागली. मग एक दिवस पांढरी मोटार आली. दारावर शिक्का, आत टोपीवाला उंच माणूस. धाकटे, तुला सांगायला नको, मला काय आठवलं असेल. आपल्या लहानपणी अशीच शिक्क्याची मोटार पोरं घरातून उचलून लांबच्या सरकारी शाळेत न्यायला यायची. आईने मला मेंढ्यांत निजवून वर कातडं टाकलं होतं. तू चुलीपाशी सापडलीस. म्हणून तुला वाचता येतं आणि मला मेंढ्या येतात. मोटार दिसली आणि माझ्या तोंडून शब्द सुटला, लप! आणि ही बाई, सहा फुटांची, गेली की कोंडवाड्यात. (आजी, मी लपले नव्हते. मी कोकराला बाटलीने दूध पाजत होते. — शांडीन) ठीक आहे, दूध पाजत होती. आडवी पडून पाजत होती. गुडघे मेंढ्यांच्या वर आले होते, डोंगरांसारखे.

तो माणूस मोटारीतून उतरला तो थेट दार ठोकायला लागला. मोटारीत बसून वाट बघायची, घरचं कुणी बाहेर आलं की मग उतरायचं, एवढंही त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझा हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली. मला येणारं इंग्रजी एका मुठीत मावतं, त्यातलं एक वाक्य मी काढून दिलं: “मुलगी नाही.” पण तोंड खोटं बोललं तरी ओठांना सवय. आपण कुठे बोट दाखवतो, ओठांनीच दिशा दाखवतो. तो विचारत होता ती कुठे आहे आणि माझे ओठ आपोआप कोंडवाड्याच्या दिशेने पुढे झाले. त्याने मागे वळून बघितलंच नाही. तो लाल झाला, मग टोपी काढली, मग दोन पावलं मागे सरकला. म्हातारी मुका मागतेय असं त्याला वाटलं असणार. (लिहिणारी हसतेय. पेन बाजूला ठेवलंय. थांबते.)

शेवटी एक मेंढी उठली आणि पोर दिसली. मग तो पुष्कळ बोलला. आमचं कॉलेज म्हणजे कुटुंब, आम्ही मुलीला चार वर्षं पोटच्या पोरीसारखी सांभाळू, वगैरे. मी त्याला मटणाचा रस्सा वाढला, त्याने भाजी तेवढी खाल्ली. आणि चार वर्षं सांभाळू म्हणणारा तो स्वतः पंधरवड्यात ते कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात गेला. शांडीनला फोनवरून कळलं. फोन आमच्याकडे फक्त पवनचक्कीच्या टेकडीवर लागतो, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा चढण चढून आणावी लागते.

त्यानंतर मी नीट चौकशी केली की ही काय भानगड आहे. तर आता एक पोर्टल म्हणून निघालंय. शांडीनने मला त्याचा अर्थ सांगितला, फाटक. म्हणजे कॉलेजात खेळणाऱ्या पोरींना वाटलं तर एका कोंडवाड्याच्या फाटकातून बाहेर, दुसऱ्याच्या फाटकातून आत. आणि खेळाचे मास्तर लोक बाहेर, मेंढ्यांना दाखवतात तसे मिठाचे खडे घेऊन उभे. तयार, जाणत्या पोरी अशा मिळायला लागल्यावर शाळेतून नवीन पोर कोण घेणार? चार थेंब दूध पाजून कोकरू वाढवायचं आणि ते उद्या दुसऱ्याच्या कळपात गेलं तर? मला त्यांचं दुःख कळतं. मीही बाटलीची कोकरं वाढवली आहेत. पण फाटक उघडं ठेवायचं आणि मेंढी थांबत नाही म्हणून रडायचं, हे मेंढपाळाचं काम नव्हे.

दुसरी आली ती बाई, मार्गो लिंडग्रेन. नेब्रास्काच्या पलीकडे कुठेतरी लहानसं कॉलेज आहे, तिथली खेळाची मास्तरीण. हिला कुणीतरी शिकवून पाठवलं असावं, कारण ही मोटारीतच बसून राहिली. मी पडद्याआडून बघत होते. म्हटलं बघू किती बसते. मी कणीक मळली, चरबीत आपल्या भाकऱ्या तळल्या, कॉफी ठेवली, ती बसलेलीच. शेवटी मला माझीच लाज वाटली. हात दिला तो हलका, नुसता टेकवल्यासारखा. रस्सा खाल्ला, हाड चोखलं, आणखी मागितला. तिचे लोक कोण, आई कुणाकडची, असं मी विचारलं तर म्हणाली, आजी गाई पाळायची आणि आई मेलेल्या वासरांना ही बोटाने दूध पाजायची. मग मी तिला खुर्ची दिली. तोवर ती खोक्यावर होती.

मी तिला एक लांबलचक प्रश्न विचारला. शांडीनने तो इंग्रजीत तीन शब्दांत उरकला, तेव्हा तू ओळख की काय गाळलं असेल. प्रश्न असा, की बाई, उद्या तुला कुणी मोठा मिठाचा खडा दाखवला तर तू फाटकातून जाशील का?

त्या बाईने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, “आज नाही म्हटलं तर ते खोटं ठरू शकतं. पण जायची वेळ आलीच तर पोरीला ते माझ्या तोंडून कळेल. फोनवरून नाही.”

तिच्याकडे नवीन पोरीसाठी एकच जागा उरली आहे. बाकीच्या फाटकातून भरल्या. रविवारपर्यंत शांडीनने हो म्हटलं तर जागा तिची, नाहीतर बाईलाही फाटकापाशी जाऊन उभं राहावं लागेल. ते सांगताना तिलाच वाईट वाटत होतं.

आणि आपली पोर काय म्हणते? नको म्हणते. तिकडे थंडी फार. (इथे काय ऊन पडतं का जानेवारीत?) तिकडचं जेवण वाईट. (इथलं जेवण मीच करते, तरी खाते ना?) जवळच्याच कॉलेजात जाईन, ते घरून येऊन जाऊन होतं. तिथे खेळाचा संघच नाही, हे ती मला सांगत नाही. मला दुकानदारीणबाईने सांगितलं. आपल्यात कुणी तोंडावर बोलत नाही हे तुला ठाऊक आहे.

पण दोष तुझा आहे, ग्लेनबाह. ही तान्ही असताना घरदार हिच्या पहिल्या हसण्याची वाट बघत होतं. जो बाळाला पहिलं हसवेल त्याने जेवण घालायचं, बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ द्यायचं, आणि बाळ त्याच्या वळणावर जातं. मी महिनाभर तोंडं वाकडी केली. आणि तू दोन दिवसांसाठी आलीस, दारातच शिंकलीस, आणि ही खदखदून हसली. मेंढीचे पैसे तुझे गेले, पण पाय तुझे हिला लागले. ही इथे राहायला जन्मलेलीच नाही. ही उगाच थांबलीय.

बाकी ठीक. पवनचक्की फिरते. कुत्रीला पिल्लं झाली. सगळी तिच्यासारखीच आळशी.

तुझी थोरली,
देझबाह
(खाली माझा अंगठा आहे. शाईचा आहे, रश्श्याचा नाही.)

ता. क. गुडघ्याचं वर जे लिहिलंय ते खोटं आहे. मेंढ्यांमागे आता टेकडीपर्यंतसुद्धा जाववत नाही. लिहिणारीला ते आधीच माहीत आहे, म्हणून तिला थंडी वाजते.

ता. क. दुसरा. पहिलं हसू तुझं, तर पुढचं निस्तरायचंही तूच. हिवाळाभर इकडे ये. पलंग आहे, चूल आहे, मेंढ्या तुला ओळखणार नाहीत पण मी ओळख करून देईन. तुला शाळेवाले घेऊन गेले तेव्हा मी कातड्याखाली होते, मला निरोप देता आला नाही. हिला द्यायचाय. दारात उभं राहून, नीट. (लिही गं. थांबू नकोस. पुसू नकोस. पुढे लिही.) (हे सगळं लिहून झालं की पत्र टाकून ये गं.)

ता. क. शांडीनकडून. धाकट्या आजी, आजी मेंढ्या कोंडायला म्हणून बाहेर गेली आहे. मेंढ्या दुपारपासून कोंडलेल्याच आहेत. या वेळी पान दोनदा वाचून घ्यायला ती थांबली नाही. मी जरा फोन घेऊन पवनचक्कीच्या टेकडीवर जाऊन येते. तुम्ही याल ना?