कड्याकडची बाजू

रविवार, संध्याकाळ. बजाजनगर.

कोकणातून येऊन दोन दिवस झाले, पण मन अजून त्या कड्यावरच आहे. समुद्राच्या वरून कडेकडेनं जायचं आणि दोन गावांतून फिरून परत यायचं, एवढीच वाट. आबा सारखे कड्याच्या बाजूनं चालत होते. मी किती ओरडले! "आबा, आत व्हा की, पडाल!" ते नुसतं "व्हय, व्हय" म्हणायचे आणि परत कडेला. मेंढरांमागं जन्म काढलेल्या माझ्या बापाला कडा कळत नाय का? गावातल्या सडकेला लागलो, तर गाड्यांच्या बाजूला गेले. चिडून बोललेच मी, "पुन्हा कुठं नेणार नाय तुम्हाला." का बोलले असं?

आज क्रांती चौकात मुद्दाम मीच गाड्यांच्या बाजूला झाले. चार पावलं झाली नसतील, आबा मागून वळसा घालून त्या बाजूला हजर.

"आबा, असं काय करता?"

"विहीर असो का सडक, माय, मेंढरू आतल्या अंगाला ठेवायचं असतंय."

पंचेचाळिशी उलटली माझी. तरी रिक्षापर्यंत आतल्या अंगानंच चालले.